नावाचं कडवं

परवा शिरूरच्या स्टँडवर पुण्याच्या एस.टी.ची वाट बघत बसलो व्हतो. बाजूला पांढऱ्या कपड्यातला एक माणूस, हातात नवा कोरा मोबाइल. त्याचा फोन वाजला आन् माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनात माझी बहीण गात व्हती. मी म्हणलं, “भाऊ, हे गाणं कुणाचं हाय, ठावं हाय का?” तो म्हणला, “हर्षदाचं की. पॉपक्वीन हर्षदा. तुमाला ठावं न्हाई व्हय?” आन् माझ्याकडं असं बघितलं जसा काय मी मंगळावरनं उतरलो हाय.

मी त्याला गाडी येईस्तोवर सगळं सांगितलं. त्याला पटलं का न्हाई, त्याची मला पर्वा न्हाई. आता तुम्ही इचारताय तर तुमाला बी सांगतो. मधी तोंड घालू नका, माझं डोकं लवकर फिरतं.

आमचं गाव इनामगावाच्या अलीकडं, घोडनदीच्या काठाला. त्या इनामगावात पुण्याचे साहेब लोक जमीन उकरायला येऊन गेले. तीन हजार वर्सांपूर्वीची खापरं कुणाची, ह्यावर त्यांनी जाडी जाडी पुस्तकं लिवली म्हणत्यात. आन् हिकडं चौदा वर्सांपूर्वीची एक कॅसेट कुणाची, हे कुणाला सांगता येईना.

आम्ही धनगर. आबा, म्हंजी माझे वडील, आधी मेंढरं राखायचे. नदीचं पाणी रानाला मिळाया लागलं तवा मेंढरं इकून शेतीला लागले. घरात एकापाठोपाठ तीन पोरी झाल्या आन् चौथी बी पोरगीच. तवा आमच्या आईनं, रतनबाईनं, तिचं नाव ठिवलं नकुशी. तशी चालच व्हती. धाकटीला नकुशी म्हणायचं, म्हंजी देवाला कळतं की आता पोरी बास. तिच्या पाठीवर अडीच वर्सांनी मी झालो, तर माझं नाव मल्हार. बारशाला बोकड पडलं, गावजेवण झालं. पुढं जो पाव्हणा येईल त्याला आई सांगायची, हिचं नाव नकुशी ठिवलं म्हणून हा झाला. मला लहानपणी ह्याचं लई कौतुक वाटायचं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटती.

मला कडंवर घेऊन ही नकुशी, म्हंजी माझी अक्का, दिवसभर गात हिंडायची. शाळेत सातवीपर्यंत पहिला नंबर सोडला न्हाई तिनं. सातवीनंतर शाळा सुटली, कारण मला पुढं शिकवायचं व्हतं आन् रानात कामाला कुणीतरी पायजे. मी दहावीला दोनदा नापास झालो. हे सगळं तुमाला मुद्दाम सांगतोय. पुढं एका कागदाचं येणार हाय, तवा ध्यानात असू द्या की तिला लिवता-वाचता येत व्हतं.

अठराव्या वर्सी तिला दौंडकडं दिली. भीमंच्या काठाचं गाव. आमची घोड पुढं जाऊन भीमंला मिळती, म्हंजी आमच्या घरापुढनं गेलेलं पाणी तिच्या सासरी पोचायचं. तिथं धुणं धुता धुता तिनं ते गाणं केलं.

घोडनदीचं पाणी, माहेराहून आलं,
सांग पाण्या, आईचं बोट कुठं लागलं.

गाणं म्हणताना काठावर माणसं थांबाया लागली. नवऱ्याला ते खपलं न्हाई. चार वर्सांनी त्यानं तिला पिशवीसकट आमच्या दारात आणून सोडली आन् म्हणला, गाणारी बाई आमच्यात चालत न्हाई. आबांनी त्याला पाणी दिलं, चहा पाजला, स्टँडपर्यंत सोडाया गेले. मी असतो तर त्याला घोडच्या पाण्यात बुडवून काढला असता, असं मी लई दिवस सांगत हिंडायचो. खरं म्हंजी मी घरातच व्हतो, आन् पिशवी मीच आत नेली.

तवर मला ढोलकी याया लागली व्हती. आम्ही पार्टी काढली. हळदीच्या कार्यक्रमाला, बारशाला, जत्रंला जायचो. शिरूर, न्हावरा, काष्टी, दौंड, सगळा मुलूख पालथा घातला. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधला एक बेंजोमास्तर आमच्यात आला. त्याच्या घरी इंग्रजी कॅसेटी व्हत्या, अमेरिकेतल्या काळ्या बायांच्या गाण्याच्या. अक्काला त्यातला एक शब्द कळायचा न्हाई, पर ती टेपाला कान लावून बसायची. एकदा म्हणली, “मास्तर, ही बाई रडत न्हाई. ही देवासंगं भांडती हाय.” मास्तर खुर्चीवरनं उठून हसले. म्हणले, त्याला तिकडं सोल म्हणतात, आत्म्याचं गाणं. त्या दिवसापासनं अक्का आपलं गाणं बी तसंच म्हणाया लागली. सूर वर नेऊन तिथंच धरून ठिवायची, भांडणात पदर धरून ठिवत्यात तसा. बाया हळद लावायच्या थांबायच्या.

आता आमची एक पद्धत सांगतो, ती ध्यानात ठेवा. गाणं ज्याचं, त्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव घ्यायचं. आमच्या वाडवडलांकडं कागद नव्हते, शिक्के नव्हते. गाणं कुणाचं ते गाण्यातच सांगून ठिवायचं. आन् आमच्या पार्टीत त्या कडव्याला ढोलकी थांबायची. मी पुडीवर तळवा ठिवायचो, मास्तर हात काढायचे, नुसता गळा ऱ्हायचा. अक्काचं नावाचं कडवं असं व्हतं:

नाव ठिवलं नकुशी, मी तेच मिरवीन,
घोडनदीच्या काठाला गाणं नकुशीचं ठिवीन.

एकदा एका पाटलीणबाईनं तिला सांगितलं, अगं, एवढं गोड गातीस, नाव तेवढं बदलून घे. अक्का म्हणली, “नाव दिलं त्यांनी कुठं इचार केला व्हता, काकी? आता मी ते नाव घासून-पुसून चकचकीत केलंय, तर मोडीत कशाला घालू?” तिला त्या कडव्याची लई माया व्हती. बाकी गाणं एखाद्या दिशी बसून म्हणायची, पर ते कडवं उभी ऱ्हाऊन.

चौऱ्याण्णव साली पुण्याच्या एका कॅसेट कंपनीनं बोलावलं. कंपनीचं नाव मी घेत न्हाई, तोंड खराब व्हतं. एका बोळात वरच्या मजल्यावर स्टुडिओ, भिंतींना पोत्यासारखं काहीतरी लावलेलं. काचंमागं शेठ बसला व्हता. एक गाणं नमुन्याला झालं. शेठनं इचारलं, “बाईंचं नाव काय?” अक्का म्हणली, “नकुशी.” त्यानं रेकॉर्डिंगवाल्याकडं बघितलं आन् दोघं हसले. मग शेठनं अक्काला न् मास्तरांना चहाला खाली पाठवलं आन् मला आत बोलावलं.

“तुम्ही भाऊ ना? मग घरचा पुरुष माणूस म्हणून तुम्हीच सांगा. हे असलं नाव कॅसेटवर घातलं तर लग्नात कोण वाजवेल? शेवटची कडवी काढली तर आठ गाणी बसतात. नाहीतर सहाच.”

त्यानं मला खुर्ची दिली व्हती. ‘घरचा पुरुष माणूस’ म्हणला व्हता. चोवीस-पंचवीस वर्सांचा बाप्या मी, दोनदा नापास, त्या आधी मला कुणी काय इचारलं व्हतं? मी म्हणलं, “काढा की. नाव तसं बी वाईटच हाय.”

हे माझे शब्द हायत. शेठचे न्हाईत. शेठला मी दहा वर्सं शिव्या घातल्या, अजून घालतो, पर हे मी बोललो, माझ्या तोंडानं.

मग त्यानं कागद पुढं केला. गायिकेच्या वतीनं भाऊ मल्हार, असं टाइप केलं व्हतं, नावं तेवढी पेनानं भरलेली, आन् खाली लिवलं व्हतं की नकुशीबाईंचा आवाज कंपनी कुठल्या बी नावानं वापरू शकती. मी वाचलं. वाचून सही केली. बाई खाली चहा पीत व्हती, सातवीला पहिला नंबर आलेली, आन् वर तिच्या वतीनं मी सही करत व्हतो. आमच्यात कुणालाच ह्यात काय चूक वाटली नसती. आबांना न्हाई, आईला न्हाई. घरात पुरुष असताना बाईनं कागदावर सही कशाला करायची? असल्या अकलेवर आम्ही जगलो.

अक्का वर आली आन् तिनं आठबी गाणी म्हणली. नावाच्या कडव्यासकट. शेठ मला म्हणला व्हता, म्हणू द्या, नंतर कापता येतं. आठ वेळा मी पुडीवर तळवा ठिवला, आन् आठ वेळा ती उभी ऱ्हाऊन काचंकडं बघत आपलं नाव गायली. मला ठावं व्हतं की हे कुठंच जाणार न्हाई. पैशाचं सोडा. पैसे दिले त्यांनी, काय द्यायचे ते.

दोन म्हयन्यांनी कॅसेट आली. वर एका गोऱ्यापान पोरीचा फोटो, डोळ्यावर गॉगल, खाली ‘पॉपक्वीन हर्षदा’. आत अक्काचा गळा, मागं ऑक्टोपॅड आन् कीबोर्ड घातलेला. दौंडला मास्तरांच्या घरी आम्ही ती लावली. पहिलं गाणं संपत आलं तशी अक्का उभी ऱ्हायली. कीबोर्ड वाजला आन् दुसरं गाणं सुरू झालं. ती तशीच उभी. प्रत्येक गाण्याला तिनं वाट बघितली. आठवं संपल्यावर तिनं टेप बंद केला आन् मला इचारलं, “तू तिथंच व्हतास ना रं?”

मी म्हणलं, “कंपनीनं केलं, अक्का. लई हरामखोर लोक हायत.”

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं आन् बेंजो पुसाया घेतला.

मग काय, गाणं पेटलं. रिक्षात, टेम्पोत, वरातीत, जिकडं तिकडं तेच. त्याचं रिमिक्स निघालं, त्यात अक्काचा सूर चिमणीवाणी चिरका करून पळवलेला. आम्ही कुठं गेलो की लोक म्हणायचे, हर्षदाचं गाणं म्हणा, बाई तिच्यासारखंच म्हणत्यात. अक्का म्हणायची आन् शेवटी उभी ऱ्हाऊन नावाचं कडवं म्हणायची. गावोगावी लोक सांगाया लागले, ही बाई दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव घुसडती. सुपाऱ्या कमी झाल्या. मास्तर वारले. पार्टी मोडली.

मी रांजणगावला कंपनीत लागलो, कॉन्ट्रॅक्टवर. ऱ्हायला कारेगावात. तिथं विक्रमशेठ म्हणून हायत, वडिलोपार्जित जमिनीवर चाळी बांधल्या, लेबर कॉन्ट्रॅक्ट त्यांचंच, पंचायतीत त्यांचंच. म्हंजी माझी नोकरी त्यांच्या हातात आन् माझ्या खोलीची किल्ली बी त्यांच्याच हातात. मंडळी न् मी तिथं, पोरगी साधना गावाला अक्काजवळ.

दोन हजार चार साली विक्रमशेठचा वाढदिवस व्हता. चौकात फ्लेक्स, फ्लेक्सवर शेठ मोबाइल कानाला लावून. आन् खाली मोठ्या अक्षरात: खास आकर्षण, पॉपक्वीन हर्षदा. योगायोगानं अक्का त्याच दिशी ज्वारीचं पीठ घेऊन आमच्याकडं आली व्हती. मी म्हणलं, नको जायला, गर्दी असती. ती म्हणली, “चल की. बघू तरी मी कशी दिसती.”

संध्याकाळचे सात वाजले असतील. कंपन्यांची पहिली शिफ्ट सुटून आलेली माणसं, बिहारची, युपीची, लातूरची, नांदेडची. आमच्या गावचं एक माणूस न्हाई. हर्षदा स्टेजवर आली, चमचमतं कपडं, हातात माइक. सीडी लागली आन् ती ओठ हलवाया लागली. अक्का कंपनीतल्या पॅकिंगच्या बायांमधी बसली व्हती. माझ्या डोळ्यादेखत माझ्या बहिणीचा गळा दुसऱ्याच्या तोंडातनं येत व्हता आन् लोक शिट्ट्या मारत व्हते. माझ्या मुठी वळल्या. मुठी वळायला काय लागतं?

गाण्याच्या मधीच लोडशेडिंग झालं. जनरेटर दोन मिनिटं घरघरला आन् डिझेल संपून गप झाला. अंधार न्हवता पडला पुरता, तोंडं दिसत व्हती. हर्षदा माइक धरून तशीच उभी. लोक ओरडाया लागले, तोंडानं म्हण की, तोंडानं म्हण. ती म्हणंना. म्हणणार कुठनं?

आन् अक्कानं बसल्या जागेवरनं गाणं उचललं. जिथं तुटलं व्हतं बरोबर तिथनं. माइक न्हाई, पेटी न्हाई. सगळा चौक गप झाला. वर सूर नेला आन् धरला, देवासंगं भांडल्यावाणी. बिहारच्या माणसाला कळलं, नांदेडच्या बाईला कळलं. मी हर्षदाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली व्हती. तिला कळलं व्हतं हा गळा कुणाचा. ती बी पोटासाठीच ओठ हलवत असंल, पर बोलली न्हाई.

गाणं संपलं, टाळ्या कडाडल्या. निवेदक वरनं म्हणला, “वा मावशी, काय हुबेहूब नक्कल.” अक्का उभी ऱ्हायली. हात वर केला. म्हणली, “थांबा. अजून एक कडवं ऱ्हायलंय.”

आन् तिनं नावाचं कडवं म्हणलं.

आधी कुजबुज झाली. मग निवेदक हसत म्हणला, “मावशी, गाणं हर्षदाताईंचं आहे. त्यात आपलं नाव कशाला घालता?” सगळा चौक हसला. विक्रमशेठनं इचारलं, कोण हाय ही बाई? कुणीतरी सांगितलं, मल्हारची बहीण. शेठ माझ्याकडं वळले. म्हणले, “काय रं मल्हार, काय भानगड हाय? खरं काय ते सांग.”

इचारलं त्यांनी. चारशे-पाचशे माणसांसमोर सरळ इचारलं. विक्रमशेठ वाईट माणूस न्हाई, हे मला सांगाया लागतंय, कारण मी खरं बोललो असतो तर कदाचित ऐकून घेतलं असतं. पर खरं बोलायचं म्हंजी कागदाचं बोलाया लागणार, आन् कागदाचं बोललं की सही कुणाची ते बी निघणार. मग मी म्हणलं, “काय न्हाई शेठ. तिला गाण्याचा नाद हाय जरा.”

अक्का दहा हातांवर उभी व्हती. तिनं ऐकलं. तिनं पदर सारखा केला आन् बायांच्या मधनं वाट काढत खोलीकडं गेली. सकाळच्या पहिल्या गाडीनं गावाला परत. त्यानंतर तिनं गाणं सोडलं. हळदीला बोलावणं आलं तर म्हणायची, घसा बसलाय. तीन वर्सं घसा बसला. जात्यावर न्हाई, रानात न्हाई, साधनाला झोपवताना न्हाई. मी ढोलकी गावच्या घरात माळ्यावर टाकली, उंदरांनी तिच्या दोऱ्या कुरतडल्या. मी कंपनीत ज्याच्या त्याच्यावर खेकसायचो. सुपरवायझर म्हणायचा, तुझ्या नाकावर माशी बसत न्हाई. त्याला काय सांगू, राग कुणावर हाय ते?

गेल्या साली, दोन हजार सातला, मी रजेला गावाला गेलो. अक्का चुलीपुढं भाकरी थापत व्हती. साधना नाचत नाचत आली. शाळंत गॅदरिंग हाय, तिचा नाच हर्षदाच्या गाण्यावर बसवलाय. अकरा वर्सांची पोर, ती आत्याला म्हणती, “आत्या, घोडनदीचं पाणी गाणं तुला येतं का गं? बाई म्हणल्या, हर्षदा लई मोठी गायिका हाय. तिनं आपल्या नदीचं गाणं केलं.”

अक्का भाकर परतत म्हणली, “येतं थोडं थोडं.”

थोडं थोडं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी साधनाला खसकन जवळ ओढलं आन् म्हणलं, “ते गाणं तुझ्या आत्याचं हाय. आत्यानं केलं, आत्यानं म्हणलं. हर्षदा-बिर्षदा कुणी न्हाई.”

पोर आत्याकडं बघाया लागली. अक्कानं भाकर चुलीच्या तोंडाशी उभी केली. माझ्याकडं बघितलं न्हाई. म्हणली, “चुलीपाशी कशाला सांगतोस? जिथं इचारलं व्हतं तिथं तोंडात मिठाची गुळणी धरलीस. सांगायचं तर तिथं सांगायचं.”

मी जेवलो न्हाई. ट्रंक उघडली. तळाला, लग्नाच्या फेट्याखाली, तो कागद व्हता. तेरा वर्सं जपून ठिवलेला. जाळायचा धीर झाला न्हाई आन् दाखवायचा बी झाला न्हाई.

पंधरा दिवसांनी विक्रमशेठचा वाढदिवस. तोच चौक, तसलेच फ्लेक्स, ह्या टायमाला मुंबईचा मिमिक्रीवाला. शुभेच्छा द्यायला लोक एकेक वर चढत व्हते. मी बी चढलो. हाराच्या ऐवजी हातात कागद. माइक घेतला आन् म्हणलं, “शेठ, तीन वर्सांपूर्वी तुम्ही मला एक इचारलं व्हतं. त्याचं उत्तर आज देतो.”

सगळं सांगितलं. गाणं नकुशीचं. गळा नकुशीचा. हर्षदाच्या तोंडात तिचाच आवाज. कागद वाचून दाखवला. आन् मग म्हणलं, “सही माझी हाय. नाव कापा म्हणून मीच सांगितलं. तिला इचारलं न्हाई.” हे म्हणेस्तोवर साउंडवाल्यानं माइक बंद केला. मी तसाच ओरडत ऱ्हायलो. पुढची माणसं हसत व्हती, कुणीतरी म्हणलं, लई प्यायलाय. विक्रमशेठ कडक आवाजात म्हणले, “मल्हार, आजच्या दिशी तमाशा नको. उतर खाली.”

मी उतरलो न्हाई. पोरांनी उतरवला. खाली आलो तर पॅकिंगमधली एक बाई, भागुबाई नाव तिचं, उभी ऱ्हाऊन मोठ्यानं म्हणली, “खरं हाय ते. मी त्या दिशी तिच्या शेजारीच बसले व्हते. कॅसेटात हाय तोच गळा व्हता.” एवढ्या माणसांत एक. पर ती खाली बसली न्हाई, तिला दोनदा बसा म्हणले तरी.

दुसऱ्या दिशी गेटवर कार्ड घेतलं न्हाई. म्हणले, उद्यापासनं येऊ नका. खोली बी आठवड्यात खाली करा म्हणले. मंडळीनं भांडी बांधली. तिनं मला एका शब्दानं बोल लावला न्हाई, त्याचाच मला जास्त राग आला.

सामान घेऊन गावाला पोचलो तवा ऊन कलतं झालं व्हतं. अक्का वट्यावर शेंगा फोडत बसली व्हती. साधना तिच्या बाजूला. मी टमरेलभर पाणी प्यालो आन् तिच्यापुढं बसलो.

“बोलून आलो,” मी म्हणलं.

“कुठं?”

“कारेगावला. स्टेजवर.”

“किती माणसं व्हती?”

“पाचशे तरी असतील.”

“पटलं का?”

“हसले. एक बाई तेवढी म्हणली, खरं हाय.”

तिनं मान हलवली आन् शेंगा फोडाया लागली. मग मी ते बोललो, जे तिच्या तोंडावर कवाच बोललो नव्हतो. म्हणलं, “अक्का, तुझं कडवं कंपनीनं न्हाई कापलं. मी कापाया सांगितलं. तुझं नाव वाईट हाय असं मी म्हणलो.”

“मला ठावं हाय,” अक्का म्हणली.

माझ्या हातातलं टमरेल तसंच ऱ्हायलं.

“कॅसेट आली त्याच आठवड्यात मास्तरांनी सांगितलं व्हतं. स्टुडिओत चहाला खाली उतरताना आम्हाला जिन्यात ऐकू आलं व्हतं तुझं, त्यांना पुरतं, मला अर्धं. मला वाटलं, आज बोलंल, उद्या बोलंल. तेरा वर्सं बघत व्हते कवा बोलतोस ते. कारेगावला तुला आयता इचारला, तरी न्हाई बोललास. तवा मी गाणंच सोडलं. पाठीवरच्या भावाला माझं नाव घेता येईना, तर परक्यानं का घ्यावं?” तिचा आवाज चढला न्हाई. चढला असता तर बरं झालं असतं. “तुझा मला अजून राग हाय, मल्हार. लई राग हाय. तो एवढ्यानं जायचा न्हाई.”

मी म्हणलं, “व्हय.”

दुसरं काय म्हणणार? साधना दोघांच्या तोंडाकडं बघत व्हती. अक्कानं सूप बाजूला सारलं, हात झटकले आन् माळ्याकडं बघितलं.

“ढोलकी काढ,” ती म्हणली.

मी ढोलकी काढली. उंदरांनी कुरतडलेल्या दोऱ्या बांधल्या, जमंल तशी ताणली. धड वाजत नव्हती. अक्कानं साधनाला पुढं बसवलं आन् गाणं सुरू केलं. तीन वर्सांचा बसलेला गळा, आधी खरखरला, मग मोकळा झाला. शेजारच्या दोन बाया दारात येऊन थांबल्या. गाणं शेवटाला आलं तशी अक्का उभी ऱ्हायली. माझा तळवा जन्माच्या सवयीनं पुडीवर जाऊन टेकला.

अक्का गायची थांबली. माझ्या हाताकडं बघितलं.

“ह्या कडव्याला लई येळा गप बसलास,” ती म्हणली. “आता वाजव.”

आन् मी वाजवलं.